बुधवारीचे गुण

नेमणुकीचा कागद हेडमास्तरांनी हातात ठेवला तेव्हा जयश्री खोडे सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होती. कागद वाचून तिने तो हजेरीच्या पुस्तकात सारला आणि फळ्यावरचं गणित पूर्ण केलं. शिक्षकांना अशा कामांची सवय असते. मतदार मोजून झाले होते, शौचालयं मोजून झाली होती, एका वर्षी तर म्हशी आणि बकऱ्यासुद्धा. मध्य प्रदेशात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्यापासून महिन्याकाठी काही ना काही मोजायचं निघायचंच. या वेळी लोक कसे जगतात ते मोजायचं होतं. वर हिंदीत ठळक लिहिलं होतं, ‘जीवन की गुणवत्ता’. खाली मोहल्ल्याचं नाव होतं, जुनी बुधवारी.

जुनी बुधवारी म्हणजे तिचाच मोहल्ला.

जाम नदीच्या काठाला धरून असलेली ही गावातली सगळ्यात जुनी वस्ती. कधी काळी इथे दर बुधवारी कापसाचा बाजार भरायचा. आता बाजार गेला, नाव राहिलं. सागवानी खांबांची घरं, पुढे दुकान आणि मागे संसार, आणि गल्लीच्या शेवटी नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पलीकडच्या तीरावर सावरगाव, जयश्रीचं माहेर. लग्न होऊन ती फक्त नदी ओलांडून आली होती. गोटमारीच्या दिवशी, दोन्ही तीरांवरून एकमेकांना दगड मारायच्या त्या जत्रेत, भाऊ तिकडून आणि नवरा इकडून उभा असायचा, आणि संध्याकाळी दोघंही डोक्याला पट्ट्या बांधून तिच्याच ओट्यावर चहा मागायचे. नवरा, अनिल, जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

सर्वेक्षणाचं काम एका कंपनीकडे होतं. कंपनीचा चेतन नावाचा तरुण छिंदवाड्याहून आला होता. गोरागोमटा, बोलायला गोड, सगळ्यांना ‘मॅडम’, ‘सर’ म्हणणारा. शाळेच्या हॉलमध्ये त्याने शिक्षकांना प्रश्न समजावून दिले. गल्ली किती रुंद आहे, दारापर्यंत चारचाकी येते का, बाग किती लांब आहे, घरात ऊन किती येतं, पाणी किती वेळ, नाली उघडी की झाकलेली. प्रत्येक उत्तराला गुण, सगळे मिळून शंभर. शेजाऱ्यांविषयी एकच प्रश्न होता, ‘शेजाऱ्यांचा त्रास होतो का?’ आणि शेवटी, सगळ्यात जास्त गुणांचा, ‘इथे राहण्यात समाधान आहे का?’

जयश्रीला काम आवडलं. एवढ्या वर्षांत सरकारला पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं होतं की तुम्ही कसे राहता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती केसरकाकूंच्या पिठाच्या चक्कीवर जाऊन बसली. केसरबाई सत्तरी गाठलेल्या, पण चक्कीचा पट्टा अजून स्वतः चढवायच्या. भुवयांवर पिठाची पांढरी रेघ कायमची.

“बाग किती दूर आहे, काकू?”

“कोनती बाग? संत्र्याची?”

“फिरायची.”

“मी कायले फिरू? दिवसभर उभीच तं असतो.”

“शेजाऱ्यांचा त्रास होते का?”

“होते ना. लिही. तो गुलाब पहाटेच रेडिओ लावते, साऱ्या गल्लीले उठवते. अन् हेबी लिही का माह्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा त्यानंच चक्की चालवली. एक दिवस बंद नाई ठेवली.”

“त्याला इथे जागा नाही, काकू.”

“मंग कागदच लहान आहे तुह्या सरकारचा,” केसरबाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाची ज्वारी चक्कीत ओतली.

पहिले काही दिवस असेच गेले. लोक खरं सांगत होते, भरभरून सांगत होते. पाणी दिवसाआड येतं, तेही थेंब थेंब. नाली तुंबते, पावसाळ्यात अर्ध्या घरांच्या उंबऱ्याशी येते. आणि विचारलं नसलेलंही सांगत होते. कोणाच्या घरी कोणाची मुलगी शिकायला बसते, कोणाच्या गच्चीवर साऱ्या गल्लीचे पापड वाळतात, कोणाची चावी कोणाकडे असते. जयश्री घरी येऊन कागद पुरे करायची आणि तिला बरं वाटायचं.

मग एक दिवस ती गुलाबच्या घरी गेली. दाराशीच नाली तुंबून काळं पाणी साचलं होतं, नाकाला पदर लावून तिने ते ओलांडलं. गुलाब खुर्चीत सरळ बसला होता, फोटो काढायला बसावं तसा.

“नाली कशी आहे, गुलाबभाऊ?”

“एकदम साफ आहे, बाई. उत्तम.”

जयश्रीने आधी त्याच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. “आणि पाणी?”

“पानी चोवीस तास. गोडं.”

त्याची बायको आतल्या दारातून पाहत होती. जयश्रीने तिला विचारलं तर तिने मान खाली घातली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. पाणी उत्तम, नाली उत्तम, ऊन उत्तम, बाग समोरच. कुठली बाग म्हटलं तर एकाने तुळशीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी ती थेट हेमराजच्या बांगड्यांच्या दुकानात गेली. हेमराज म्हणजे मोहल्ल्याचा पुढारी म्हटला तरी चालेल. गणपतीची वर्गणी असो की नळाचं भांडण, तोच पुढे. अनिलचा लहानपणापासूनचा सोबती.

“हेमराजभाऊ, लोकांना तुम्ही शिकवलं ना?”

हेमराजने हातातला बांगड्यांचा डबा बंद केला. “बसा, वहिनी. तुमाले माहीतच नाई का हे कायसाठी चालू आहे?”

तिला माहीत नव्हतं. मग त्याने सांगितलं. त्याचा साळा नव्या इमारती बांधणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता, त्याच्याकडून बातमी आली होती. मोहल्ल्याला चाळीसपेक्षा कमी गुण मिळाले की तो राहण्यालायक नाही असं ठरणार. मग लोकांना सौसर रोडवर नव्या इमारतींत हलवणार. इथली घरं पाडून नदीकाठी फिरायचा रस्ता करणार, आणि चार खांब शाबूत ठेवून त्यांत जुन्या काळचा बाजार म्हणून दुकानं काढणार.

“अन् तुमी घरोघरी जाऊन आमचे मायनस लिहून राहिल्या,” हेमराज म्हणाला. “म्हनून मी सांगतलं, सगळं उत्तम म्हना.”

जयश्रीने हातातले कागद पिशवीत ठेवले. ती म्हणाली, “खोटं मी नाही लिहिणार.”

“मंग पाडू द्या घर.”

“नाली उत्तम म्हणून मी लिहिलं, तर उद्या नाली साफ करायला कोण येईल? सांगा ना. कोणत्या तोंडानं मागू आपण?”

“नाली गेली खड्ड्यात! वहिनी, अनिलले कोनं उचललं होतं? मी, गुलाब अन् हे सारे. खाटेवर टाकून पळालो आमी. तुमी आज त्यायच्या बाजूनं बसल्या?”

दुकानात बांगड्या पाहायला आलेल्या दोन बायका तिच्याकडे पाहत होत्या. जयश्री बाहेर पडली. घरी येऊन ती दिवा न लावता बसून राहिली.

अनिलचं ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभं राहिलं. भर दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. तिथे नव्या नालीसाठी आणलेले सिमेंटचे भले मोठे पाईप ठेकेदाराने टाकून ठेवले होते. काम सुरू होण्याआधीच ठेकेदार पळाला होता. शेजाऱ्यांनी खाट उचलली, पाईपांवरून हातोहात पलीकडे दिली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पाईप अजून तिथेच होते. पोरं त्यांत लपाछपी खेळायची.

दोन दिवसांनी चेतन तिच्या घरी आला. सोबत पेढ्यांचा डबा होता. तिने भरलेले कागद त्याने पाहिले होते. लोक काहीही म्हणोत, नाली आणि पाणी तिने डोळ्यांनी पाहिलं तसंच लिहिलं होतं.

“मॅडम, तुमचं काम फार स्वच्छ आहे. पण तुमच्या हिशोबानं मोहल्ला पास होऊन राहिला.”

“होऊ द्या की.”

“आता लोकांचं समाधान म्हणून तुम्ही जे गुण दिले, ते जरा जास्त आहेत. गल्लीत गाडी येत नाही, पाणी येत नाही, आणि माणूस म्हणते मी सुखी आहो. याचा अर्थ त्याला समजत नाही. आपण ते दुरुस्त करतो.”

“त्याला समजत नाही, आणि तुम्हाला समजते?”

चेतन हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, मला तुमच्या मिस्टरांबद्दल कळलं. फार वाईट झालं. आता जनसुनवाई होईल, साहेब साऱ्या मोहल्ल्याचं ऐकतील, तिथे मी तीच गोष्ट पहिली सांगणार आहे. गल्ली अरुंद नसती तर माणूस वाचला असता. तुम्ही फक्त होकार द्या. नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर तुम्हालाच पहिलं घर.”

जयश्रीने पेढ्यांचा डबा उचलून त्याच्या हातात परत दिला. “माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आणि माझे आकडे बदलले तर मी सगळ्यांसमोर सांगेन की हे माझे नाहीत.”

“तुम्ही सरकारी नोकरीत आहात, मॅडम,” तो उठता उठता म्हणाला. आवाज अजूनही गोडच होता.

रविवारी प्रणाली आली. जयश्रीची एकुलती एक मुलगी, नागपूरला एका दवाखान्यात नर्स. आईने तिला सगळं सांगितलं, आणि तिला वाटलं पोरगी आपल्या बाजूने बोलेल. प्रणालीने ताटातला भात बाजूला सारला.

“आई, पाडू दे ना हा मोहल्ला. खरंच सांगते. माझे बाबा या गल्लीनं नेले.”

“गल्लीनं नाही नेले, बेटा.”

“मग कोणी? रोज वॉर्डात मी पाहते. दहा मिनिटं लवकर आणलेला माणूस चालत घरी जाते. तुला हे शेजारी दिसतात, मला ते पाईप दिसतात.”

“मलाही पाईपच दिसतात,” जयश्री म्हणाली. “गल्लीत कापसाची गाडी यायची, बैलांसकट. तुझ्या आजोबांच्या काळात दर बुधवारी यायची. अँब्युलन्स काय त्याच्याहून मोठी असते? घरं तिथेच आहेत, गल्ली तेवढीच आहे. तोंडाशी पाईप टाकले कोणी?”

प्रणालीने बाजूला सारलेला भात पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाली, “तू बोलणार आहेस तिथे? सगळ्यांसमोर?”

“हो.”

“नोकरीचं काय?”

“नोकरी माझी आहे ना. मी पाहीन.”

जनसुनवाई मंगल कार्यालयात ठेवली होती. त्या दिवसाची जयश्रीने रजा टाकली. तिने धुवट, कडक इस्त्रीची सुती साडी नेसली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. मोहल्ला मागे भरला होता. तिच्याशी कोणी बोललं नाही. हेमराजने नजर वळवली. प्रणाली शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती, तिने रजा काढून सकाळचीच बस पकडली होती. मंचावर जिल्ह्याचे मोठे साहेब, बाजूला दोन अधिकारी. चेतनने पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. तुंबलेली नाली. अंधारा जिना. पडकी भिंत. बुधवारीतल्या साऱ्या वाईट गोष्टी त्याने बरोबर हुडकून काढल्या होत्या, आणि त्यातली एकही खोटी नव्हती.

मग आकडा आला. चाळीसच्या बराच खाली.

“आणि आता एक दुःखद उदाहरण,” चेतन म्हणाला. “याच मोहल्ल्यातील एका शिक्षिकेचे पती, केवळ गल्ली अरुंद असल्यामुळे...”

जयश्री उभी राहिली. “थांबा.”

चेतन थांबला.

“ती शिक्षिका मी आहे. आणि हे आकडे माझे नाहीत. घरोघरी मी फिरले, कागद मी भरले. माझ्या कागदांवर मोहल्ला पास आहे.”

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. “मैडम, आप शासकीय कर्मचारी हैं। बैठ जाइए।”

“आज मी रजेवर आहे, साहेब. मी बुधवारीत राहते म्हणून उभी आहे.”  वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला तो आवाज होता, तो पोचला. “माझा नवरा अरुंद गल्लीनं मेला नाही. गल्लीच्या तोंडावर नालीचे पाईप टाकून ठेवले आहेत, तीन वर्षांपासून. ते मोजा ना. गल्लीची रुंदी मोजायला टेप घेऊन आले, ते पाईप कोणाला दिसले नाहीत का? पाणी आम्ही थांबवलं का? नाली आम्ही तुंबवली का? जे तुम्ही द्यायचं होतं ते दिलं नाही, त्याचे गुण आमचे कापता. आणि जे आमचं आम्ही केलं, त्याला म्हणता की लोकांना समजत नाही.”

“प्रश्न ये है,” साहेब म्हणाले, “कि लोग स्वयं क्या कहते हैं।”

“मग त्यांनाच विचारा. इथेच आहेत.” ती मागे वळली. “केसरकाकू, नाली कशी आहे?”

केसरबाईंनी हेमराजकडे पाहिलं. साऱ्या मोहल्ल्याने हेमराजकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. केसरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“घान आहे. सडलेली आहे. पावसाळ्यात माह्या चक्कीत येते. अन् मी अठून जानार नाई.” एवढं बोलून त्या बसल्या.

गुलाब उठला. “पानी दिवसाआड येते. मी चोवीस तास सांगतलं होतं, ते खोटं आहे. मीबी जानार नाई.”

मग त्याची बायको उठली. मग एक म्हातारा, मग दोन बहिणी, मग कोण कोण. कोणी पाण्याविषयी, कोणी विजेच्या तारांविषयी, कोणी उंदरांविषयी. मोहल्ल्याची इतकी निंदा त्या मोहल्ल्याने आजवर चारचौघांत कधी केली नव्हती. आणि प्रत्येक जण शेवटी तेच म्हणत होता, मी जाणार नाही. अधिकाऱ्यांपैकी एकाने आधी लिहून घ्यायला सुरुवात केली होती, त्याने पेन खाली ठेवलं.

सगळ्यांत शेवटी हेमराज उठला. त्याला बोलायची सवय होती, पण आज शब्द जुळवायला वेळ लागला.

“साहेब, नाली साफ करा,” तो म्हणाला. “आमाले साफ करू नका.”

कार्यालयात एकच गलका झाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात वर करून सांगितलं की या सर्वेक्षणाचा फेरविचार होईल, नव्याने पाहणी होईल, तोवर कोणताही निर्णय नाही. आणि मैडमच्या वागण्याची चौकशीही होईल. मग ते गाडीत बसून गेले. चेतन तारा गुंडाळत राहिला.

लोक बाहेर आले, पण पांगले नाहीत. बोलत बोलत सगळे गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाईपांपाशी थांबले. जयश्री पुढे गेली. तिने पर्स केसरबाईंकडे दिली, पदर खोचला आणि पहिल्या पाईपाला दोन्ही हात लावले. पाईप तसूभरही हलला नाही.

“असा नाई हलत, वहिनी,” हेमराज म्हणाला. त्याने चपला काढल्या. “गुलाब, सब्बल आन. दोर आन.”

पहारेसारखी लांब सब्बल आली. खाली गोटे सारले, दोर टाकले. बायका एका बाजूने, पुरुष दुसऱ्या बाजूने. हेमराज ‘हां, जोर’ म्हणायचा आणि सगळे रेटायचे. पहिला पाईप घरंगळला तेव्हा लोक ओरडले, जणू पोळ्याचा बैलच तोरण तोडून सुटला. मग दुसरा. ते पाईप त्यांनी रस्त्याने लोटत नेले आणि त्या पळालेल्या ठेकेदाराच्या बंद गोदामाच्या फाटकासमोर एकाला एक लावून ठेवले. वाटेतल्या दुकानदारांनी स्कूटर बाजूला घेतल्या. एका पोलिसाने काय चाललंय म्हणून विचारलं, तर केसरबाई म्हणाल्या, “ज्याचं त्याले वापस देऊन राहिलो.” तो बाजूला झाला.

प्रणाली आधी लांब उभी होती. तिसऱ्या पाईपाला ती येऊन आईच्या शेजारी लागली. रेटता रेटता ती रडायला लागली, पण हात काढले नाहीत.

“एवढंच होतं, आई?” ती म्हणाली. “एवढंच होतं? तर मग आपण आधी का नाही...”

 हेमराजने ऐकलं होतं. तो घाम पुसत म्हणाला, “आमी रोज त्याच्या बाजूनं जात होतो, बाई. कोनी येईल अन् उचलेल, असंच वाटत होतं.” मग त्याने पुन्हा खांदा लावला.

दुपार कलली तेव्हा गल्लीचं तोंड मोकळं झालं होतं. खाली दबलेली जमीन ओली आणि पांढुरकी दिसत होती. गुलाब म्हणाला, आता इथे मोटारसायकली लावू. सगळे एकदम त्याच्यावर ओरडले.

पंधरवड्याने जयश्रीच्या नावाने नोटीस आली. शासकीय कामात अडथळा, गोपनीय आकडे उघड करणे, अधिकाऱ्यांशी उद्धट वर्तन. तिने एका पानाचं उत्तर दिलं. जे पाहिलं तेच लिहिलं, आणि लिहिलं तेच बोलले. माफी मागावी असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. हेडमास्तरांनी ते वाचून तिला म्हटलं, शेवटचं वाक्य तेवढं काढा. तिने काढलं नाही.

बदलीचा आदेश त्यानंतर आला, लोधीखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली शाळा. दोन बस बदलून जायचं. त्याच आठवड्यात बुधवारीत नालीचं खोदकाम सुरू झालं. साऱ्या गल्लीत धूळ, ओट्यांसमोर मातीचे ढीग. नव्या पाहणीची तारीख मात्र अजून कोणी सांगितली नव्हती. इमारतींचं कामही पूर्ण थांबलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती सकाळी निघाली तेव्हा हेमराज दुकानाचं शटर वर करून बाहेरच उभा होता. सोबत चार-पाच जण.

“वहिनी, आमी साऱ्यांनी ठरवलं. कचेरीवर मोर्चा नेतो. तुमची बदली रद्द करून आनतो.”

“माझ्या बदलीसाठी नको,” जयश्री म्हणाली. “मी जाते, तिथली पोरंही पोरंच आहेत. मोर्चा न्यायचा असेल तर पाण्यासाठी न्या. नालीवर झाकणं बसवणार की उघडीच सोडणार, ते विचारा. आणि नवे मोजणारे आले तर कोणाला काही पढवू नका.”

“अन् त्यायनं पुन्हा कमी गुन देले तं?”

“तर पुन्हा विचारू. ठेकेदाराचं गोदाम कुठे आहे ते आता सगळ्यांना माहीत आहे.”

हेमराज हसला. जयश्रीने खांद्यावरची पिशवी सावरली, मातीच्या ढिगावरून पाय टाकला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली.